मेकॅनिकच्या टेबलावरचा इतिहास : व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि त्याची अवजारे

१/
दिवाळी सरली आणि धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या या पट्ट्यात दिवसा शंकरपट भरतो आणि रात्री नाटक उभे राहते. सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदडसारख्या महामार्गावरच्या गावातून हिवाळ्याच्या रात्री जाताना नाटक दिसण्याआधी ऐकू येते. शेतांपलीकडून भोंग्याचा आवाज येतो. आजचा धागा त्या भोंग्यामागे असणाऱ्या पेटीविषयी आहे, आणि ती पेटी ज्या टेबलावर उघडली जात असे त्या टेबलाविषयी आहे.

२/
आपण इतिहासप्रेमी मंडळी तलवारींच्या मुठींचे प्रकार पाठ म्हणू शकतो. तोफेच्या गोळ्याचे वजन सांगू शकतो. परंतु अवघ्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारपेठांत जी रेडिओ-दुरुस्तीची दुकाने होती, त्यांच्या टेबलांवर काय असे, याची नोंद आपल्याकडे जवळपास नाही. वस्तुतः अवजारे हा फार बोलका पुरावा असतो. कशाची टंचाई होती, कशाची भीती होती आणि कारागिराने त्यावर काय तोड काढली, हे सारे त्यांतून कळते.

३/
आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. याची कथा विजेच्या दिव्यापासून सुरू होते. दिव्याच्या काचेत आणखी एक धातूची पट्टी ठेवली, तर तापलेल्या तारेकडून त्या पट्टीकडे पोकळीतूनच विद्युतप्रवाह जातो, हे एडिसनच्या लक्षात आले. १८८३मध्ये त्याने त्यावर पेटंटसाठी अर्ज केला, पण पुढे फारसे काही केले नाही. १९०४मध्ये लंडनच्या जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी याच गुणधर्मावर पहिला व्हॉल्व्ह बनवला. प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून त्याला झडपेचे नाव मिळाले.

४/
१९०६च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्या मध्ये एक जाळी बसवली. या जाळीवरचा अगदी क्षीण विद्युतदाब पट्टीकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाला कमी-अधिक करू लागला. कुजबुजीचे गर्जनेत रूपांतर करणारे साधन माणसाच्या हाती आले ते येथे. ॲम्प्लिफायर म्हणतात तो हाच. तापतारेला सहा-साडेसहा व्होल्ट पुरतात. पट्टीला मात्र २५० पासून ४५० पर्यंत व्होल्ट लागतात. हा दुसरा आकडा ध्यानात ठेवावा. टेबलावरील निम्मी अवजारे या आकड्याच्या धाकाने तेथे आलेली आहेत.

५/
आता गिटारकडे वळू. आज जगभरचे वादक ज्या गिटार ॲम्प्लिफायरांसाठी जीव टाकतात, त्यांचा जन्म कोणत्याही संगीत विद्यालयात झाला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९३८मध्ये रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. त्याआधी ते हिशेबनीस होते. त्यांना गिटार वाजवता येत नसे. गावातील वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर त्यांच्याकडे आणत. ते उघडता उघडता कोठे काय तुटते, हे त्यांना कळत गेले आणि १९४६पासून फेंडर हे नाव स्वतंत्र उद्योग म्हणून उभे राहिले.

६/
लंडनमध्येही तेच घडले. जिम मार्शल हे मुळात ढोलवादक आणि ढोलांचे दुकानदार. त्यांच्या दुकानात दुरुस्तीचे काम करणारे केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी १९६२च्या सुमारास फेंडरच्या बासमन या ॲम्प्लिफायरचा आराखडा समोर ठेवून, इंग्लंडात मिळणारे सुटे भाग वापरून नवा ॲम्प्लिफायर जुळवला. रॉक संगीताचा तो ओळखीचा आवाज दुरुस्तीच्या टेबलावर तयार झाला. म्हणून गिटार ॲम्प्लिफायरच्या अवजारांचा इतिहास हा रेडिओ मेकॅनिकच्या अवजारांचाच इतिहास आहे.

७/
आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याच काळात सिंधमधून आलेल्या मोटवाने कुटुंबाची शिकागो रेडिओ ही कंपनी मुंबईत जम बसवत होती. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम नानिक मोटवाने यांनी केले. त्यापूर्वी मोठ्या सभेत वक्त्याचा आवाज पुढच्या काही रांगांपलीकडे पोहोचणे कठीण असे. लाखांच्या समुदायाला एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू जाणे, हे व्हॉल्व्हने घडवलेले राजकीय परिवर्तन होते.

८/
हे तंत्र किती स्फोटक होते, हे १९४२मध्ये दिसले. छोडो भारत आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले होते आणि त्यांची यंत्रे जप्त केली होती. अशा वेळी प्रक्षेपक जुळवणे म्हणजे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, मीटर आणि झाळकाम जाणणारा माणूस शोधणे. तो माणूस नरिमन प्रिंटर यांच्या रूपाने मिळाला. साहित्याच्या कामी शिकागो रेडिओचे साहाय्य झाले.

९/
शेवटही त्याच टेबलावरून आला. पकडला गेलेल्या तंत्रज्ञाने पोलिसांना ठिकाण सांगितले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. नानिक मोटवाने यांच्यावरही खटला चालला, त्यात ते सुटले. क्रांतीच्या या पर्वात निर्णायक ठरला तो अवजारे हाताळता येणारा माणूस. भाषण कोणीही लिहू शकत होते, पण प्रक्षेपक जुळवणारे हात शहरात मोजकेच होते.

१०/
स्वातंत्र्यानंतर हे हात खेड्यांकडे जाऊ लागले. १९४८मध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि पूर्व विदर्भाला जवळचा आवाज मिळाला. १९५६मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावोगाव सार्वजनिक संच गेले. संच गेला की बिघाडही जाणारच. १९६१मध्ये बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला आरंभ केला. तरी आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात परदेशी यंत्र किंवा महागडे मापक सामान्य दुकानदाराच्या आवाक्याबाहेरच होते.

११/
आता प्रत्यक्ष टेबलाशी बसू. मागे लाकडी फळी, तिच्यावर बटणे आणि सॉकेट, समोर उलटी ठेवलेली पत्र्याची चेसिस. अवजारांचा क्रम मी किमतीवरून लावलेला नाही. जीव वाचवण्याच्या क्रमाने लावला आहे, कारण या कारागिरीत पहिली चूकच शेवटची ठरू शकते.

१२/
अवजार पहिले : एक रोधक आणि दोन तारा.
ॲम्प्लिफायरची वायर भिंतीतून काढली म्हणजे तो निर्जीव झाला, असे नवशिक्याला वाटते. परंतु वीजपुरवठा गुळगुळीत करणारे मोठे कपॅसिटर आपल्या पोटात दाब साठवून ठेवतात. ४० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ४०० व्होल्ट असतील, तर त्यात ३.२ ज्यूल ऊर्जा असते. छातीतून गेली तर ती घातक ठरू शकते. मेकॅनिक पेचकसाने दोन टोके जोडून ‘फाट’ असा ठिणगीचा आवाज काढत, तो याच ऊर्जेचा.

१३/
ठिणगीने कपॅसिटरला इजा होते आणि पेचकसाचे टोकही जळते. शहाणा मार्ग असा : १०० किलोओहमचा, किमान दोन-तीन वॉटचा रोधक घ्यावा, त्याला जाड आवरणाच्या तारा लावाव्यात आणि कपॅसिटरच्या दोन टोकांना धरावा. वरच्या उदाहरणात वीस सेकंदांत दाब तीन व्होल्टांच्या खाली येतो. नंतर मीटरने खातरी करावी आणि मगच आत बोट घालावे. जुन्या मेकॅनिकांची आणखी एक शिस्त होती. चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत गेले की प्रवाहाला हृदयातून वाट मिळते.

१४/
अवजार दुसरे : सिरीज लॅम्प.
या टेबलावरचे सर्वांत देशी आणि सर्वांत सुंदर अवजार हेच. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात साधा शंभर वॉटचा पिवळा बल्ब आणि त्याच्याच मालिकेत एक सॉकेट. दुरुस्तीला आलेले यंत्र थेट विजेला न लावता या सॉकेटला लावायचे. यंत्र निरोगी असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद तांबूस होतो. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशतो, आणि यंत्र मात्र जळण्यापासून वाचते.

१५/
यामागचे कारण सोपे आहे. २३० व्होल्टवर पूर्ण पेटलेल्या शंभर वॉटच्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. थंड बल्बचा रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. म्हणजे यंत्र थोडा प्रवाह घेत असेल तोवर बल्ब फारसा आडवा येत नाही. प्रवाह बेसुमार वाढला की तार तापते, रोध वाढतो आणि सारा दाब बल्ब स्वतःवर घेतो. एक पैशाचेही गणित न करता हा बल्ब निदान सांगतो आणि ट्रान्सफॉर्मरही वाचवतो.

१६/
येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण होते. व्हॉल्व्ह जन्मला तो दिव्याच्या तापलेल्या तारेतून, आणि दुरुस्तीच्या टेबलावर त्या व्हॉल्व्हची राखण करते तीही दिव्याची तापलेली तारच. आज अमेरिका-युरोपातील हौशी मंडळी गिटार ॲम्प्लिफायर जुळवताना पहिल्यांदा वीज देण्यासाठी हेच साधन आवर्जून बनवतात. आपल्याकडे ते कौतुकाचा विषय कधी झाले नाही, कारण ते इलेक्ट्रिशियनच्या भिंतीवर कायमच टांगलेले होते.

१७/
मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. सिरीज लॅम्प यंत्राला वाचवतो, माणसाला नाही. त्याकाळी एसी-डीसी नावाचे रेडिओ सर्रास मिळत. वजनदार मेन ट्रान्सफॉर्मर वगळल्यामुळे ते स्वस्त पडत. पण त्यांची चेसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. प्लग उलटा बसला की सारा पत्रा जिवंत होई. अशा संचासाठी अवजार तिसरे लागे : आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. दोन्ही बाजूंना सारखेच वेढे असलेला हा ट्रान्सफॉर्मर यंत्राचे जमिनीशी असलेले नाते तोडतो. लहान दुकानांत त्याची जागा पायाखालच्या कोरड्या लाकडी फळीने घेतलेली असे. ती सुरक्षितता अर्धीमुर्धीच होती.

१८/
अवजार चौथे : डिमरस्टॅट.
अमेरिकेच्या जनरल रेडिओ कंपनीने १९३०च्या दशकात व्हेरिॲक नावाने आणलेला, मूठ फिरवून शून्यापासून पूर्ण दाबापर्यंत नेणारा हा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे डिमरस्टॅट म्हणून रूढ झाला. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो. एकदम पूर्ण दाब दिला तर तो फुटू शकतो. हळूहळू दाब वाढवला तर थर पुन्हा धरतो. डिमरस्टॅटही विजेपासून वेगळे करत नाही, हे येथेही विसरू नये.

१९/
अवजार पाचवे : मल्टिमीटर.
१९२०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश टपालखात्यातील डोनाल्ड मॅकाडी या अभियंत्याला तीन-तीन मापके बरोबर बाळगण्याचा कंटाळा आला. त्यातून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारे मापक तयार झाले. तिन्ही आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ॲव्हो, आणि १९२३मध्ये ते बाजारात आले. त्याचे आठवे मॉडेल १९५१पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ बनत राहिले. मीटर या शब्दाने जुन्या मेकॅनिकच्या डोळ्यांसमोर येते ती हीच काळी, जड, काट्याची पेटी.

२०/
मीटर खोटेही बोलतो, हे त्या पिढीला ठाऊक होते. प्रत्येक काट्याचा मीटर मोजताना सर्किटमधून थोडा प्रवाह स्वतःकडे घेतो. स्वस्त मीटरचा रोध व्होल्टमागे हजार ओहम असे. २५० व्होल्टच्या पट्टीवर तो केवळ २५० किलोओहम भरतो. व्हॉल्व्हच्या पट्टीवर खरे १७० व्होल्ट असतील, तर असा मीटर दीडशेच्या आसपास दाखवू शकतो. व्होल्टमागे वीस हजार ओहमचा मीटर ही चूक जवळपास नाहीशी करतो. म्हणूनच जुन्या सर्किट नकाशांवर दाबाच्या आकड्यांसोबत कोणत्या संवेदनेच्या मीटरने मोजले, हेही छापत. आजचा स्वस्त डिजिटल मीटर या बाबतीत त्या काळच्या राजेशाही मीटरपेक्षा सरस आहे. फक्त त्याच्या तारा आणि टोके ६०० व्होल्ट सोसणारी आहेत ना, ते पाहून घ्यावे.

२१/
या मीटरला महाराष्ट्राचा धागा आहे. ज्या मोटवाने घराण्याच्या ध्वनिक्षेपकांनी स्वातंत्र्यलढ्याची भाषणे दूरवर नेली, त्यांच्याच नाशिक रोडच्या कारखान्यातून पुढे मल्टिमीटर बाहेर पडू लागले. वीजमंडळे, तंत्रनिकेतने आणि दुरुस्तीची दुकाने यांच्या टेबलांवर मोटवाने हे नाव दिसू लागले. परदेशी ॲव्होची जागा देशी पेटीने घेतली. सभेच्या मंचावर सुरू झालेले नाव असे मेकॅनिकच्या हाताशी येऊन बसले.

२२/
अवजार सहावे : सोल्डरिंग आयर्न.
झाळकाम आपल्याला नवे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना डाख लावणारे आणि कल्हई करणारे कारागीर शेकडो वर्षे कथील वितळवत आले आहेत. वीज नसलेल्या गावात तांब्याच्या टोकाची सळई कोळशावर तापवूनही तार जोडता येई. विजेवर तापणारे आयर्न १९२०च्या दशकात जर्मनीत कारखान्यात बनू लागले. रेडिओच्या जोडांसाठी ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असा मिश्रधातू प्रिय ठरला, कारण तो १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळतो आणि पटकन थिजतो.

२३/
जोड स्वच्छ बसायचा तर राळ हवी. चीड वृक्षाच्या चिकापासून मिळणारी ही राळ गरम धातूवरील ऑक्साइड दूर करते. भांड्यांच्या कामातील आम्ल येथे चालत नाही. ते मागे राहून तार हळूहळू खाते आणि वर्षभराने यंत्र पुन्हा दारात येते. नाजूक जोडाला २५ वॉटचे आयर्न पुरते. जमिनीची जाड तार थेट चेसिसला झाळायची तर मोठे, ६० ते १०० वॉटचे आयर्न लागते, कारण पत्रा उष्णता शोषून घेतो. चकचकीत जोड पक्का, दाणेदार मळकट जोड कच्चा, ही परीक्षा डोळ्यानेच करायची. शिशामुळे काम संपल्यावर हात धुवायचे, हा नियम मात्र पुष्कळांनी पाळला नाही.

२४/
अवजार सातवे : बांबूची कमची.
पाश्चात्त्य कारागीर यासाठी जेवणाची चिनी काडी वापरतात. आमच्या झाडीपट्टीत बांबूला तोटा नाही. वाळलेल्या बांबूची टोकदार कमची घेऊन चालू यंत्रातील एकेक तार, एकेक जोड हळूच हलवायचा. कोठे खरखर झाली की कच्चा जोड सापडला. धातूचे टोक येथे चालणार नाही, आणि ओली कमचीही चालणार नाही. किमतीने शून्य असलेले हे अवजार असा दोष शोधते, जो महागडा मीटर शोधू शकत नाही. यंत्र थरथरते तेव्हाच उद्भवणारा बिघाड स्थिर मापकाला दिसत नाही.

२५/
अवजार आठवे : आवाजाचा माग.
व्हॉल्व्हच्या यंत्रात आवाज एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जातो. तो कोठे हरवला, हे शोधणे म्हणजे अर्धी दुरुस्ती. जुने मेकॅनिक व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला बोट लावत. भोंग्यातून ‘भूंऽऽ’ असा घुमारा आला, तर तेथून पुढचे सारे ठीक, दोष मागे आहे. बोट म्हणजे त्यांचा सिग्नल जनरेटर होता. समृद्ध प्रयोगशाळांत हेच काम ऑसिलोस्कोप करी. त्याची मूळ नळी कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७मध्ये बनवली आणि १९४७मध्ये अमेरिकेच्या टेकट्रॉनिक्सने त्याला स्थिर, विश्वासार्ह रूप दिले. तालुक्याच्या दुकानात तो कधी पोहोचला नाही. तेथे कान होता. हे सारे वाचून कोणी यंत्रात बोट घालू नये. शेजारच्याच टोकावर अडीचशे व्होल्ट असू शकतात.

२६/
अवजार नववे : खोटा भोंगा.
व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला शेवटी एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला स्पीकर न जोडता यंत्र पूर्ण आवाजात चालवले, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड दाब उसळून त्याचे आवरण फुटू शकते. म्हणून टेबलावर आठ ओहमचा, पन्नास किंवा शंभर वॉटचा मोठा रोधक ठेवतात. तो आवाज न करता सारी शक्ती उष्णतेत रिचवतो. रात्री अकराला बाजारपेठेत तपासणी करताना शेजाऱ्यांशी भांडण टाळायलाही तो उपयोगी पडतो.

२७/
नवा ॲम्प्लिफायर जुळवायचा तर आणखी काही हत्यारे येतात. पत्र्याला व्हॉल्व्हच्या सॉकेटसाठी गोल भोक पाडणारा पंच, कडा घासायला कानस, नाकाची पक्कड, कटर, नट घट्ट करायचे पाने आणि सुटे भाग टांगायला टॅगची पट्टी. छापील सर्किट येण्यापूर्वी सारे भाग या टॅगवर तारेने बांधून झाळलेले असत. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आजही दुरुस्त होऊ शकतो. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, पकडीत धरता येतो आणि एकटाच काढून बदलता येतो.

२८/
मग हे टेबल ओस का पडले? १९४७च्या अखेरीस अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९६०-७०च्या दशकांत तो आपल्या खेड्यांत शिरला. त्याला तापतार नको, चारशे व्होल्ट नको, भिंतीतली वीजही नको. ज्या गावांत वीज पोहोचली नव्हती, तेथे तो वरदान होता, हे मान्यच केले पाहिजे. नाटकाच्या मंडपातही ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आले. व्हॉल्व्हची पेटी अडगळीत गेली, आणि तिच्याबरोबर ती उघडता येणारे ज्ञानही.

२९/
जगात व्हॉल्व्ह जिवंत ठेवला तो मुख्यतः गिटारवादकांनी. यंत्राला क्षमतेपलीकडे रेटले की व्हॉल्व्हचा आवाज एकदम न फाटता गोलाईने दबतो आणि सुरांत नव्या छटा मिसळतात. अभियंत्यांना जो दोष वाटे, तोच वादकांना हवा होता. आज नवे व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे उरले आहेत. मार्च २०२२मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे साऱ्या गिटारविश्वात धास्ती पसरली होती. बंगळूरच्या जुन्या व्हॉल्व्हचे न वापरलेले खोके आता परदेशातील संग्राहक शोधत असतात.

३०/
आणि सिरीज लॅम्प? २०१५च्या उजाला योजनेनंतर घरोघरी एलईडी दिवे आले. विजेची मोठी बचत झाली, ती योग्यच. परंतु एलईडीला तापतार नाही. त्याचा रोध उष्णतेने तसा वाढत नाही, त्यामुळे सिरीज लॅम्पचे काम तो करू शकत नाही. जुना पिवळा बल्ब दुकानातून नाहीसा होतो आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या एका तंत्रपरंपरेतील सर्वांत स्वस्त अवजार आता सर्वांत दुर्मीळ होण्याच्या वाटेवर आहे.

३१/
झाडीपट्टीच्या रंगभूमीला अलीकडे मान मिळू लागला. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने या नाटकांकडे वळून पाहिले. कलावंतांची नावे आता लिहिली जात आहेत. पण ज्यांच्यामुळे शेवटच्या रांगेतील माणसाला संवाद ऐकू गेला, त्या माइकवाल्यांची आणि मेकॅनिकांची नावे कोठे आहेत? ते आपले ज्ञान वहीत लिहून ठेवत नसत. ते त्यांच्या बोटांत होते, आणि ही पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

३२/
म्हणून वाचकहो, या धाग्याच्या शेवटी एक काम देतो. आपल्या गावात, सौंदडला, साकोलीला, वडशाला किंवा कोठेही, जुने रेडिओ-दुरुस्तीचे दुकान असेल, तर एकदा जा. फळीवर टांगलेला बल्ब दिसतो का पाहा. मीटर कोणता, तो कोठून आणला, काम कोणाकडे शिकलात, पहिला झटका कधी बसला, हे विचारा. परवानगी घेऊन टेबलाचे छायाचित्र काढा, प्रत्येक अवजाराला ते कोणत्या शब्दाने हाक मारतात ते लिहून घ्या. यंत्र मात्र त्यांनाच उघडू द्या.

बखरी लिहिणारे गेले तरी बखरी उरल्या. या टेबलांची बखर अजून कोणी लिहिलेली नाही, आणि ती सांगू शकणारी माणसे अजून आहेत. धागा समाप्त.